तपासणीच्या खोलीतला पडदा

प्रश्न : मी 54 वर्षांची असून बडोद्यात दांडिया बाजारात राहते. मागच्या वर्षी एका खासगी दवाखान्यात ईसीजी काढायला गेले होते. तिथल्या तरुण मुलाने ‘बेन, उपरनां कपडां काढी नाखो’ एवढेच सांगितले आणि तो तारा सोडवीत तिथेच उभा राहिला. खोलीला पडदा होता, पण तो एका टोकाला गोळा करून ठेवलेला होता, आणि अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून बाहेर बाकावर बसलेल्या माणसांचे पाय मला दिसत होते. मी कसाबसा ईसीजी काढून घेतला आणि घरी आल्यावर बराच वेळ कोणाशी बोलू शकले नाही. आता पाच आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना डाव्या स्तनात सुपारीएवढी कडक गाठ हाताला लागली. ती दुखत नाही. यजमानांना सांगितलेले नाही, आणि सुनेला सांगितले तर ती लगेच दवाखान्यात नेईल म्हणून तिलाही सांगितलेले नाही. दवाखाना म्हटले की मला ती दाराची फट आठवते. अंगावर कपडे ठेवून ही गाठ तपासता येणार नाही का? नुसत्या सोनोग्राफीवर भागणार नाही का? आणि या वयात इतकी लाज वाटणे हे चुकीचे आहे का?

उत्तर : पहिली गोष्ट गाठीची, कारण ती थांबणार नाही. स्तनातील बऱ्याच गाठी साध्या निघतात हे खरे आहे, परंतु पाळी जाण्याच्या सुमारास किंवा त्यानंतर नव्याने लागलेली कडक गाठ, ती दुखत नसली तरी, तपासल्यावाचून ठेवायची नसते. दुखत नाही म्हणून ती निरुपद्रवी असेल, असा समज करून घेऊ नका. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. पाच आठवडे गेले ते गेले, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका, पण सहावा आठवडा जाऊ देऊ नका.

कपड्यांवरून ही तपासणी होत नाही, हे मला तुम्हाला स्पष्टच सांगावे लागेल. हात लावण्याआधी डॉक्टर नुसते पाहतात: कुठे त्वचा खळीसारखी आत ओढली गेली आहे का, स्तनाग्र आत वळले आहे का, दोन्ही बाजूंत काही फरक दिसतो का. त्यासाठी आधी हात खाली सोडून, मग कमरेवर दाबून आणि मग वर उचलून बसायला सांगतात, कारण एखादी खळी हात वर केल्यावरच दिसते. नंतर आडवे झोपवून, त्या बाजूचा हात डोक्याखाली ठेवायला सांगून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी सगळा भाग आणि काख चाचपली जाते. सुती ब्लाउजच्या एका पदरानेही बोटांना कळायचे ते कळेनासे होते. सोनोग्राफीतही जेल त्वचेवरच लावावे लागते, त्यामुळे त्या वाटेनेही कपडे टळत नाहीत.

मात्र ‘कपडे काढणे’ या शब्दांनी तुमच्या डोळ्यांसमोर जे चित्र उभे राहते, ते तसे असायला नको आणि नीट चाललेल्या दवाखान्यात ते तसे नसतेही. डॉक्टर कारण सांगतात, पडदा ओढून बाहेर थांबतात, तुम्ही आपल्या हाताने ब्लाउजचे हूक काढता, छातीवर चादर घेता आणि ‘झाले’ असे म्हटल्यावर ते आत येतात. ज्या बाजूची तपासणी चालू असेल तेवढीच उघडी आणि दुसरी झाकलेली, हा नियम वैद्यकीय शिक्षणात शिकवला जातो. दोन्ही बाजू एकत्र बघायच्या असतात तो वेळ थोडा असतो. कमरेखालच्या कपड्यांना हात लावण्याचे काही कारणच नाही. आणि मध्येच ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार शेवटपर्यंत तुमच्याकडे असतो.

विद्यार्थिदशेतला एक प्रसंग मी अद्याप विसरलेले नाही. वॉर्डात एका बाईंच्या पोटाची तपासणी करताना, यकृताची कड नेमकी सापडते आहे या आनंदात, मी त्यांची साडी गरजेपेक्षा कितीतरी खाली सरकवली होती आणि मला त्याचे भानही नव्हते. आम्हाला शिकवणाऱ्या बाईंनी काही न बोलता पायथ्याची चादर उचलली, त्या रुग्णाच्या कमरेपर्यंत ओढली आणि मग मला म्हणाल्या, ‘आता तपास.’ तेव्हा त्या रुग्ण बाईंनी डोळे मिटून घेतलेले होते, हे मला चादर आल्यानंतर दिसले. एवढे जवळ उभी राहूनही मी त्यांचा चेहरा पाहिला नव्हता. म्हणून तुम्ही विचारता की लाज चुकीची आहे का, त्याला माझे उत्तर असे आहे की त्या ईसीजीच्या दिवशी तुमचे काहीही चुकले नाही. पडदा ओढणे, दार लावणे आणि पाठ फिरवणे ही त्या मुलाची कामे होती.

ईसीजीलाही कपडे काढावे लागतात ते कारणानेच. छातीवर सहा ठिकाणी पट्ट्या लावायच्या असतात आणि त्यांतील काही डाव्या स्तनाच्या खालच्या बाजूला येतात. जागा बोटभर सरकली तरी आलेख बदलू शकतो. पण पट्ट्या लावून झाल्यावर वरून चादर टाकता येते आणि आलेख निघायला काही सेकंद पुरतात. ‘एक सिस्टरने साथे राखजो’ (एका सिस्टरला सोबत ठेवा) असे तुम्ही त्या दिवशीही म्हणू शकला असता, मात्र न सुचल्याबद्दल खंत नको. उताणे झोपलेल्या माणसाला असे सुचणे कठीण असते. म्हणून ते आधीच, दवाखान्याला फोन करतानाच, बोलून ठेवायचे असते.

तुम्ही फोनवर दोनच गोष्टी विचारा: स्तनाची तपासणी करणाऱ्या स्त्री डॉक्टर कोणत्या दिवशी असतात, आणि मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, स्त्री तंत्रज्ञ करतात का. पुरुष सर्जनकडे जायची वेळ आली तर खोलीत नर्स किंवा तुमच्या घरची स्त्री असलीच पाहिजे. ही सवलत नव्हे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने 2018 मध्ये रुग्णहक्कांची जी सनद तयार केली, तिच्यात पुरुष डॉक्टर तपासत असताना स्त्री रुग्णासोबत दुसरी स्त्री असण्याचा हक्क नोंदवलेला आहे आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने 2019 मध्ये ही सनद राज्यांकडे पाठवली आहे. तुम्ही मागाल तेव्हा कोणी कपाळाला आठ्या घातल्या, तर तो दवाखाना बदला. तपासणी मात्र रद्द करू नका.

जाताना पुढे हूक असलेला ब्लाउज आणि साडी, किंवा वेगळा कुडता आणि सलवार घाला, म्हणजे वरचे तेवढेच काढावे लागेल. गळ्यातले घरी ठेवा. त्या दिवशी काखेत आणि छातीवर पावडर किंवा डिओडरंट लावू नका, कारण त्याचे कण मॅमोग्राफीच्या चित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसू शकतात. मॅमोग्राफीत स्तन दोन पट्ट्यांमध्ये काही सेकंद दाबला जातो. त्याने थोडे दुखते, एरवी त्यात भिण्यासारखे काही नाही.

तुमच्यासारखा संकोच आपल्या घराण्यांत नवा नाही, आणि डॉक्टर झालेल्या आपल्या पहिल्या स्त्रियांनी तो कधी हसण्यावारी नेला नाही. आनंदीबाई जोशी यांनी 1883 मध्ये बंगालमधील श्रीरामपूर येथे केलेल्या भाषणात स्त्री डॉक्टरांची गरज मांडली, ती स्त्रिया पुरुष डॉक्टरांसमोर मोकळेपणाने जात नाहीत हे पाहूनच. रखमाबाई लंडनला शिकून 1894 मध्ये डॉक्टर झाल्या आणि त्यांनी पुढे अनेक वर्षे तुमच्या बडोद्यापासून फार दूर नसलेल्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात काम केले. संकोचामुळे स्त्रिया आजार अंगावर काढतात हे त्यांना ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी शोधलेला उपाय स्त्रियांना लाज सोडायला सांगण्याचा नव्हता, त्यांच्यासाठी दुसरे दार उघडण्याचा होता.

सुनेला आज संध्याकाळीच सांगा. ती लगेच नेईल ही भीती तुम्ही लिहिली आहे. तिने लगेच न्यावे, असेच मला वाटते.

प्रश्न : माझे सासरे 68 वर्षांचे आहेत. त्यांच्या जांघेत फुगवटा दिसतो. मी त्यांना रावपुऱ्यातल्या एका सर्जनकडे दोनदा घेऊन गेले, पण आडवे झोपून पोट दाखवण्यापलीकडे त्यांनी काही करू दिले नाही. ‘वायगोळा आहे’ एवढे म्हणून ते उठतात. काय करावे?

उत्तर : तुम्ही लिहिले नाही, पण पत्रावरून असे दिसते की दोन्ही वेळा तुम्ही खोलीतच होता. तुम्ही काळजीपोटी थांबलात हे मी समजू शकते, परंतु सुनेसमोर लेंग्याची नाडी सोडणे या वयाच्या गृहस्थांना डॉक्टरांपेक्षाही अवघड जाते, आणि ते आपल्या तोंडाने तुम्हाला ‘बाहेर जा’ असे कधीही म्हणणार नाहीत. बहुधा हा हर्निया असावा, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमकुवत जागेतून आतड्याचा भाग बाहेर येत असावा. आडवे झोपल्यावर तो पुष्कळदा आत जातो, म्हणून रुग्णाला उभे करून, कपडे मांडीपर्यंत खाली घेऊन, खोकायला सांगून तपासावे लागते. त्याबरोबर अंडकोशही पाहावे लागतात. पुढच्या वेळी मुलाला पाठवा, किंवा तुम्हीच जाऊन त्यांची तक्रार डॉक्टरांना सांगा आणि ‘मी बाहेर बसते’ असे म्हणून दार ओढून घ्या.

तोवर एवढे लक्षात असू द्या : फुगवटा एकाएकी कडक झाला, खूप दुखू लागला, आत जाईनासा झाला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर ती रात्र असली तरी थांबू नका, कारण आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद पडण्याची शक्यता असते.