‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे इंग्लिश गाणं खरंच आशा भोसलेंवर आहे का? त्यामागची गोष्ट काय?

तुम्ही विचारलंय की एका ब्रिटिश इंडी (म्हणजे बड्या कंपन्यांच्या बाहेर, छोट्या लेबलांवर वाढलेल्या) बँडने आशा भोसलेंवर गाणं केलं आणि ते तिकडच्या खपाच्या यादीत पहिल्या नंबरावर गेलं, हे खरं का, आणि त्यात आशाताई गायल्या आहेत का.

पहिल्या नंबरावर गेलं हे खरं. फेब्रुवारी १९९८, फक्त एक आठवडा. त्याच्या आधीच्या आठवड्यात तिथे ‘टायटॅनिक’चं गाणं घेऊन सेलिन डिऑन बसली होती आणि नंतरच्या आठवड्यात मॅडोना आली. या दोघींच्या मधल्या फटीत आपल्या सांगलीच्या लेकीचं नाव. पण आशाताई त्यात गायलेल्या नाहीत. त्यांच्या एखाद्या जुन्या गाण्याचा तुकडाही त्यात घातलेला नाही. आवाज आहे तजिंदर सिंगचा. हा वुल्व्हरहॅम्प्टनला जन्मलेला पंजाबी मुलगा. बँडचं नाव कॉर्नरशॉप.

या नावातच निम्मी गोष्ट आहे. कॉर्नरशॉप म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. इंग्लंडमध्ये असं दुकान म्हटलं की गल्ल्यावर गुजराती नाहीतर पंजाबी माणूस, हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. ज्या शब्दाने आपल्याला हिणवतात तोच यांनी उचलून पाटीवर लावला. बँड १९९१मध्ये लेस्टरला सुरू झाला. तजिंदर, त्याचा भाऊ अवतार, कॉलेजातला मित्र बेन एअर्स वगैरे मंडळी. पहिली ईपी, म्हणजे चार-पाच गाण्यांची छोटी रेकॉर्ड, काढली ती करीच्या रंगाच्या तबकडीवर. म्हणजे थट्टा करायचीच असेल तर आमची आम्हीच करू, तुम्ही तसदी घेऊ नका, असा सगळा खाक्या.

तजिंदर ज्या गावचा, त्या वुल्व्हरहॅम्प्टनचा इतिहासही माहीत असायला हवा. इनॉक पॉवेल तिथला खासदार. १९६८मध्ये बर्मिंगहॅमला त्याने स्थलांतरितांविरुद्ध ते कुप्रसिद्ध भाषण केलं. त्याच सुमाराला या गावात शीख बसचालकांना पगडी घालून गाडी चालवू द्यायची की नाही यावरून दोनेक वर्षं भांडण चाललं होतं. पुढे १९९२मध्ये मॉरिसी, म्हणजे द स्मिथ्सचा माजी गायक आणि इंडीवाल्यांचं दैवत, लंडनच्या फिन्सबरी पार्कमधल्या मैफलीत ब्रिटिश झेंडा घेऊन नाचला. आशियाई लोकांबद्दलची त्याची एक-दोन गाणी आधीच खुपत होती. कॉर्नरशॉपच्या पोरांनी सरळ त्याच्या रेकॉर्ड कंपनीच्या ऑफिसाबाहेर त्याचं पोस्टर जाळलं. पेपरांत नाव आलं ते त्यामुळे. तेव्हाचं त्यांचं वाजवणं मात्र, खरं सांगायचं तर, कानात खडे गेल्यासारखं होतं.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ आलं १९९७मध्ये, त्यांच्या तिसऱ्या अल्बमवर. तोवर कर्कशपणा पार निवळला होता. गिटारवर मोजून तीन कॉर्ड, मागे संथ ताल, आणि तजिंदरचं झोपेतून उठल्यासारखं गाणं. अल्बमवर ते पाच मिनिटांच्या वर चालतं, कुठेही घाई नाही.

आता शब्दांकडे येऊ. ब्रिमफुल म्हणजे काठोकाठ भरलेलं. आशा म्हणजे बाई आणि आशा म्हणजे आशा. हा श्लेष तिकडच्या निम्म्या लोकांना कळलाच नाही, आपल्याला तो फुकटात मिळतो. पण एका शब्दावर आपणही फसतो. गाण्यात ‘साडी रानी’ असं येतं. मी कितीतरी वर्षं ते साडी नेसलेली राणी असंच ऐकत होतो. एका पंजाबी मित्राने टपली मारून सांगितलं, अरे, साडी म्हणजे ‘आमची’. आमची राणी. जिच्या आवाजावर पडद्यावर दुसरीच कुणी नाचते, ती पडद्यामागची राणी. आपल्याकडे पार्श्वगायिका हा शब्द इतका गुळगुळीत झालाय की त्यातला ‘पार्श्व’ ऐकूच येत नाही. या गाण्याला तो ऐकू येतो.

मग ती ओळ, जिच्यावरून सगळ्यांनी फिदीफिदी हसून घेतलं. डोकं टेकायला प्रत्येकाला उशीसारखी छाती लागते, अशा अर्थाची. इंग्रजीत ती चावट वाटते. मराठीत आणताना ‘कुशी’ म्हणा, चावटपणा गळून पडतो. प्रत्येकाला एक कुशी लागते आणि माझी कुशी ४५वर आहे, असं तो म्हणतो. माझ्या मते अख्खं गाणं या एका ओळीत आहे. त्यामुळे ‘आशाताईंना मानाचा मुजरा’ असं जे आपल्याकडे दरवेळी लिहून येतं ते मला पटत नाही. आशाताई यात आहेत, पण गाणं आहे ते परक्या गावातल्या एका घरात फिरणाऱ्या तबकडीबद्दल.

४५ म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. मिनिटाला ४५ फेरे घेणारी सात इंची रेकॉर्ड. आमच्या घरी सुटकेससारखा बंद होणारा रेकॉर्ड प्लेअर होता आणि त्याला वेगाचा खटका होता: ३३, ४५, ७८. आईच्या ४५च्या तबकड्या मी आणि बहीण मुद्दाम ७८वर लावायचो. आशाताई चिमणीसारख्या चिवचिवायला लागल्या की आम्ही हसून लोळायचो, आणि स्वयंपाकघरातून आई लाटणं घेऊन यायची. हा उद्योग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाण्याच्या शेवटाकडे तजिंदर एक जंत्री म्हणतो आणि प्रत्येक नावाला ४५ जोडतो. लता मंगेशकर, महंमद रफी. आकाशवाणी, तिच्या जुन्या इंग्रजी नावाने. फर्ग्युसनचा मोनो (पुण्यातलं कॉलेज नव्हे, रेडिओ-टीव्ही बनवणारी ब्रिटिश कंपनी!). जमैकन संगीताचं ट्रोजन रेकॉर्ड्स, फ्रेंच गायक जाक द्युत्रों, टी. रेक्सचा मार्क बोलन. आणि या सगळ्यांत टू-इन-वन! रेडिओ आणि कॅसेट एकत्र असलेल्या यंत्राला हे नाव आपल्याकडच्या घरांत होतं. ब्रिटिश पॉपमध्ये दुसरीकडे कुठे हा शब्द मला सापडलेला नाही. जंत्री ऐकताना एका दिवाणखान्यातलं रेकॉर्डचं कपाट उघडल्यासारखं वाटतं, ज्यात लता आणि बोलन एकमेकांना टेकून उभे आहेत. मध्येच एके ठिकाणी सरकारच्या सूचनांची आणि धरणांची आम्हाला पर्वा नाही असंही येतं. नव्वदच्या दशकात धरण म्हटलं की माझ्यासमोर सरदार सरोवरच येतं. त्याच्या मनात तेच होतं असा माझा दावा नाही.

हे गाणं ऑगस्ट १९९७मध्ये सिंगल म्हणून, म्हणजे सुटं, आलं आणि ६०व्या नंबरापर्यंत जाऊन बसलं. म्हणजे पडलंच. एक माणूस मात्र त्याच्या प्रेमात होता, बीबीसी रेडिओ वनचा निवेदक जॉन पील. वर्षअखेरीस पीलच्या श्रोत्यांच्या मतांवर जी पन्नास गाण्यांची यादी निघायची, तिच्यात ते पहिलं आलं.

आणि मग आला नॉर्मन कुक, म्हणजेच फॅटबॉय स्लिम. हाही मूळचा इंडीवालाच, आधी हाउसमार्टिन्समध्ये बेस वाजवायचा. त्याने मूळ गाण्याचा वेग वाढवला, त्याबरोबर सूर वर चढला, खाली दणदणीत ड्रम टाकले. थोडक्यात, ४५ची तबकडी ७८कडे सरकवली. आम्हाला याच कामासाठी लाटणं दाखवलं जायचं. हा रीमिक्स फेब्रुवारीत आला आणि थेट पहिल्या नंबरावर गेला. म्हणजे ब्रिटनभर जे गाजलं ते मूळ गाणं नाहीच. तुम्ही लग्नात, क्लबमध्ये जे ऐकलं असेल तेही नाही.

जाता जाता एक गंमत. वुल्व्हरहॅम्प्टनच्याच बॅबिलोन झू या बँडचा जस मान, तोही भारतीय वंशाचा, १९९६मध्ये ‘स्पेसमन’ घेऊन पहिल्या नंबरावर होता. ते गाणंही जीन्सच्या जाहिरातीतल्या वेग वाढवलेल्या तुकड्यामुळेच गाजलं. लोकांनी घरी आणून लावलं तर मधला सगळा भाग संथ, रडका. शिव्या बसल्या. त्या गावच्या पोरांना संथ गाण्यावर नंबर मिळू द्यायचा नाही असं कुणी ठरवलं होतं की काय कोण जाणे. आणि हो, ‘पहिल्या नंबरावर गेलेला पहिला भारतीय वंशाचा गायक’ असं तजिंदरबद्दल कुठे वाचलंत तर सोडून द्या. जस मान आधी झाला, १९९७च्या जानेवारीत राउरकेलाला जन्मलेला ज्योती मिश्रा झाला, आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी पाचगणीच्या शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी.

कॉर्नरशॉपला पुन्हा एवढं यश मिळालं नाही. ते वाजवत राहिले, २०२०मध्येही त्यांचा एक चांगला अल्बम आला.

ऐकायचं असेल तर आधी मूळ, संथ ऐका. मी हे आईला ऐकवलं होतं. दोन मिनिटं शांत बसली, मग म्हणाली, “आशा कुठंय यात?” मी समजावलं की आशा गात नाही, तिच्या रेकॉर्डवर गाणं आहे. तिला इंग्रजी फारसं कळत नाही, ती परत भाजी निवडायला लागली. जंत्री सुरू झाली, लताचं नाव आलं, रफीचं आलं, तरी मान वर नाही. मग एकदम हात थांबला.

“टू-इन-वन म्हणाला का रे तो आत्ता?”