देव भेटला म्हणजे ख्रिस्ती माणसाचं नेमकं काय बदलतं?

तुम्ही विचारलंय, 'ख्रिस्ती लोक देव भेटला म्हणतात तेव्हा नेमकं काय होतं? नाव बदलतं, धर्म बदलतो की स्वभाव?' माझं झालं ते सांगतो.

माझं नावही बदललं नाही आणि धर्मही. आम्ही कोल्हापूरचे. 1852 साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी इथे आले, आणि आमच्या घरात ही श्रद्धा पणजोबांपासून आहे. लहानपणीच बाप्तिस्मा, रविवारी उपासना, नाताळात करंज्या. देवाबद्दल मला पुष्कळ माहीत होतं. भेट झाली ती चाळिशी उलटल्यावर, उद्यमनगरातल्या आमच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये, शनिवारी संध्याकाळी, हजेरीची वही पुढ्यात असताना.

त्या वहीत मी ओव्हरटाइम कापत होतो. माणूस पावणेदोन तास जादा थांबला तर दीड लिहायचे. कोणी विचारलं तर 'चहाची सुट्टी धरली' म्हणायचं. सहा वर्षं हे चाललं, आणि मला त्यात चोरी दिसली नाही, कारण मी मालक होतो. घरात, गल्लीत, चर्चच्या कमिटीत, सगळीकडे मालकच.

आदल्या रविवारी पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, बायबलमधला जक्कयाचा उतारा घेतला होता. यरीहोतला जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला, येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्या झाडाखाली थांबतो, त्याला नावाने हाक मारतो आणि आज तुझ्याच घरी उतरणार म्हणतो. तोवर जक्कयाने कोणाचा एक पैसा परत केलेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेल्याच्या चौपट परत, हे तो नंतर बोलतो. उतारा मी शेकडो वेळा ऐकला होता, पण आधी काय आणि नंतर काय, हे कधी पाहिलंच नव्हतं.

शनिवारी वही उघडली आणि पेन थांबलं. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. कोणीतरी माझ्या शेजारी बसून ही वही पानापानाने वाचतंय आणि तरीही उठून जात नाही, एवढं मात्र पक्कं जाणवलं. भीती वाटायला हवी होती. मी लहान मुलासारखा रडलो. सगळं ठाऊक असूनही ज्याला मी हवा होतो, त्याच्यासमोर मालक राहायची गरजच उरली नाही. 'मी कोण' याचं माझं उत्तर तिथे बदललं. बाकीचं सगळं त्यातून आलं.

जुन्या वह्या काढल्या, अंदाजाने हिशेब केला. चौपट द्यायची ऐपत नव्हती. निघाले तेवढे पैसे चार हप्त्यांत दिले. दोघं काम सोडून गेले होते, त्यांच्या गावी जाऊन दिले. आमच्या सर्वांत जुन्या टर्नरने पाकीट हातात घेतलं आणि म्हणाला, "मालक, आम्हाला ठाऊक होतं." त्याची माफी मागताना जेवढं जड गेलं, तेवढं पैसे देताना गेलं नाही.

या देशात 'मी कोण' म्हटलं की जात येतेच, म्हणून लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होते. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. त्यांची अभंगाची गोडी पुढेही सुटली नाही. लक्ष्मीबाई मात्र कित्येक वर्षं सोवळं पाळत राहिल्या. जाती देवाने केल्या की माणसांनी, हा विचार करता करता एके दिवशी, बाप्तिस्म्याच्या आधीच, कोणाच्याही हातचं खायचं त्यांनी ठरवलं. मला हे फार मोठं वाटतं. भाषा तीच, अभंग तोच, आणि ज्यावर माणूस स्वतःला उंच समजत होता ते मात्र गळून गेलं.

ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या शौलाला दिमिष्काच्या वाटेवर येशू भेटला आणि शौलाचा पौल झाला, असं आमच्यातही सर्रास बोलतात. पण बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या भेटीनंतरही तो शौलच आहे. 'पौल' पुढे तेराव्या अध्यायात येतं, तेही त्याचं दुसरं नाव म्हणून. भेटीत नाव बदललं असा एक म्हणजे जुन्या करारातला याकोब. यब्बोक नदीच्या उताराशी त्याची देवाशी रात्रभर झोंबी झाली, पहाटे इस्राएल हे नाव मिळालं आणि मांडीचा सांधा उखळला. आशीर्वाद घेऊन तो निघाला तो लंगडतच.

म्हणून स्वभाव साफ बदलतो, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझा राग तसाच आहे, फक्त माफी आता त्याच दिवशी मागतो. पावणेदोनचे दीड लिहायला हात अजूनही वळतो. त्यामुळे दर शनिवारी वही मी त्या जुन्या टर्नरकडे देतो. तो सगळ्यांसमोर आकडे मोठ्याने वाचतो, आणि मग मी पैसे मोजायला घेतो.