वाचकांचे प्रश्न : ॲनोटेशन बाहेरून किती बदलू द्यावं?

प्रश्न : आमच्या जावा ॲप्लिकेशनची फ्रेमवर्क आम्हीच लिहिली आहे. तिच्यात कोणत्याही ॲनोटेशनची (कोडला जोडलेल्या सूचनेची) व्हॅल्यू प्रॉपर्टीज फाइलमधून, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगच्या फाइलमधून, बदलता येते. रीट्राय (फसलेलं काम पुन्हा करणं), टाइमआउटसाठी हे सोयीचं आहे; पण त्याच वाटेने वापरकर्त्याचा रोल (अधिकार) तपासणारं ॲनोटेशनही बदलतं. ही सोय ठरावीक ॲनोटेशनपुरती कशी ठेवावी?

उत्तर : बंदीची यादी नको, परवानगीची करा. उद्या कुणी नवं ॲनोटेशन लिहिलं आणि बंदीच्या यादीत घालायचं राहिलं, तर ते आपोआप उघडं पडतं. परवानगीही अख्ख्या ॲनोटेशनला नको, एकेका ॲट्रिब्यूटला (त्यातल्या एकेका व्हॅल्यूला) द्या. किती वेळा रीट्राय करायचं हे बाहेरून ठरलं तर चालेल. कोणत्या एक्सेप्शनवर (एररवर) करायचं हे कोडमध्येच राहू द्या. पैसे वळते करणारी मेथड भलत्याच एक्सेप्शनवर दुसऱ्यांदा चालली, तर निस्तरणार कोण?

त्यासाठी ‘ओव्हरराइडेबल’ नावाचं एक खुणेचं ॲनोटेशन लिहा. ॲनोटेशनचा ॲट्रिब्यूट जावाच्या लेखी मेथडच असतो, म्हणून खुणेचं टार्गेट (ती कुठे लावता येते) ‘मेथड’ आणि रिटेन्शन (ती कुठवर टिकते) ‘रनटाइम’ हवं. रिटेन्शन लिहायचं राहिलं तर डीफॉल्ट ‘क्लास’ लागतं : खूण क्लास फाइलमध्ये असते, पण रिफ्लेक्शनला (चालू प्रोग्रॅमने स्वतःचाच कोड तपासण्याच्या सोयीला) दिसत नाही. मग परवानगीची यादी रिकामी, एकही ओव्हरराइड लागू नाही आणि एररही नाही. बहुतेक जण अशा वेळी प्रॉपर्टीज फाइलच उलटीपालटी करून पाहत बसतात.

वाचण्याची दिशाही बदला. फाइलमधल्या कीवरून (सेटिंगच्या नावावरून) ॲनोटेशन शोधू नका. खूण असलेल्या ॲट्रिब्यूटवरून क्लास, मेथड, ॲनोटेशन, ॲट्रिब्यूट अशी की बनवा आणि तेवढीच कॉन्फिगरेशनला विचारा. कारण सेटिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधूनही (ऑपरेटिंग सिस्टिमकडून मिळणाऱ्या व्हॅल्यूमधूनही) येऊ शकतं. त्याच्या नावात कीमधल्या डॉट आणि स्लॅश या दोन्हींचे अंडरस्कोर होतात, अक्षरं कॅपिटल होतात. तिथून मूळ की खात्रीने मिळत नाही. फाइलमध्ये मात्र तुमच्या प्रीफिक्सची (नावाच्या ठरलेल्या सुरुवातीची), पण यादीबाहेरची की सापडली तर ॲप्लिकेशन सुरूच होऊ देऊ नका. लॉगमधली वॉर्निंग कुणी वाचत नाही.

व्हॅल्यूचा टाइप आणि मर्यादा सुरुवातीलाच तपासा. मायक्रोप्रोफाइलच्या (जावा सेवांसाठीच्या मानकांच्या संचाच्या) रीट्रायमध्ये मॅक्स-रीट्राइजला -1 दिलं की प्रयत्नांच्या संख्येला मर्यादाच उरत नाही. तुमच्याकडे असं काही चालणार का, ते आधी ठरवा.

आणि ॲनोटेशनच्या आतला, व्हॅल्यू साठवणारा मॅप रिफ्लेक्शनने बदलण्याची युक्ती टाळा. तो जेडीकेचा (जावाच्या मूळ किटचा) अंतर्गत भाग आहे. जावा 17 मध्ये विशेष फ्लॅग दिल्याशिवाय तिथे हात घालता येत नाही. अंतिम व्हॅल्यू साध्या रेकॉर्डमध्ये (फक्त डेटा धरणाऱ्या जावा क्लासमध्ये) ठेवा आणि कोडला तोच वाचू द्या.

प्रश्न : वेब डॉट एक्सएमएल या वेब ॲप्लिकेशनच्या सेटिंग फाइलमध्ये ‘मेटाडेटा-कम्प्लीट’ ट्रू केलं की सर्व्हलेटची (वेब विनंतीला उत्तर देणाऱ्या जावा क्लासची) ॲनोटेशन सुरक्षित राहतात ना?

उत्तर : उलट होतं. कंटेनर (सर्व्हलेट चालवणारा सर्व्हर) मग वेब-सर्व्हलेट ॲनोटेशनकडे बघतच नाही. फक्त त्यातूनच नोंदलेल्या सर्व्हलेटचा यूआरएल 404 देऊ लागतो. फॉल्स ठेवलं, तरी त्याच नावाच्या सर्व्हलेटसाठी एक्सएमएलमध्ये यूआरएल पॅटर्न असेल तर ॲनोटेशनमधले पॅटर्न रद्द होतात. तेव्हा कुलूप हवं असेल, तर ती फाइल कोण बदलू शकतं यावरच लावावं लागेल.