९० च्या घरातल्या आजोबांना कोणती कोडी घालावीत? त्याचा खरंच उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की नांदेडचे तुमचे आजोबा ८९ वर्षांचे आहेत, दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. डॉक्टर म्हणाले मेंदूला काम द्या, म्हणून तुम्ही सुडोकूचं पुस्तक आणलंत आणि त्यांनी ते बाजूला सारलं.

उपयोगाचं आधी सांगतो, कारण त्यावरून बाजारात फार ढोल वाजतात. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या २,८३२ लोकांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे पहिले निष्कर्ष २००२ मध्ये आले. काहींना आठवणीचा सराव दिला, काहींना तर्काचा (मालिकेत पुढं काय येईल, या धर्तीचा), काहींना नजरेच्या चपळाईचा. ज्याला जो सराव दिला त्यात तो सुधारला, बाकीच्यात फारसा फरक नाही. १० वर्षांनी पाहिलं तर तर्कवाल्यांचा फायदा थोडाफार टिकला होता, आठवणवाल्यांचा ओसरला होता. थोडक्यात, कोडी सोडवणाऱ्याला कोडी चांगली सुटतात. चष्मा कुठं ठेवला ते आठवेलच असं नाही. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला ७५ च्या पुढच्या ४६९ लोकांचा अभ्यास २००३ मध्ये छापून आला. त्यात वाचणारे, पट-पत्ते खेळणारे, वाद्य वाजवणारे, नाचणारे यांच्यात डिमेन्शिया (विस्मरणाचा आजार) कमी दिसला. पण ज्याचं डोकं आधीच मंदावायला लागलंय तो पत्ते आपणहूनच सोडतो, ही पाचर त्यात आहेच. तेव्हा कोड्यांनी डिमेन्शिया टळतो असं कुणी छातीठोक सांगून ॲप विकत असेल, तर पैसे वाचवा.

तरीही मी घरी रोज कोडी घालतो. ९० च्या माणसाला घरात कोण काय विचारतं? जेवलात का, गोळी घेतली का, पोट साफ झालं का. ज्यात त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं असं कुणीच काही विचारत नाही. कोडं निवडताना मी एवढंच बघतो: यात त्यांचा हात आपल्यापेक्षा वरचा आहे का?

सुडोकूत तो नसतो. बारीक छपाई, हातात पेन धरून थरथरत नऊ-नऊ चौकटी भरायच्या, एक आकडा चुकला की सगळं खोडा. शिवाय त्यात बेरीज-वजाबाकी काहीच नाही, अंकांच्या जागी चित्रं टाकली तरी चालेल. आयुष्यभर हिशोब केलेल्या माणसाला ते पोरखेळ वाटतं.

माझे वडील, अण्णा, लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडतीवर मुनीम होते. आता ९० च्या पुढं आहेत. पट्टी (विक्रीचा हिशोब) करताना हमाली, तोलाई, आडत (दलाली) वजा करून शेतकऱ्याच्या हातात काय पडतं ते बोट न मोडता सांगायचे. त्यांना मी घातलेलं सगळ्यात रंगलेलं कोडं म्हणजे मणाच्या दगडाचं. एका आडत्याकडं एक मणाचा, म्हणजे ४० शेरांचा, तोलायचा दगड होता. तो पडला आणि त्याचे चार तुकडे झाले. आडत्या रडायच्याऐवजी हसला, कारण आता त्या चार तुकड्यांनी १ शेरापासून ४० शेरांपर्यंत कुठलंही पूर्ण वजन करता येत होतं. तुकडे किती-किती शेरांचे? माझ्या शाळेतली मुलं १, २, ४ अशी चढत जायची आणि अडकायची, कारण दगड दोन्ही पारड्यांत ठेवता येतो हे त्यांना सुचत नसे. अण्णा म्हणाले, "दोन शेर तोलायचं तर तिनाचा इकडं टाक, एकाचा मालाच्या अंगाला." आणि १, ३, ९, २७ पर्यंत स्वतःच गेले. ज्याने तराजू हाताळलाय त्याला हे कोडं अर्धं आधीच सुटलेलं असतं.

तुमचे आजोबा मराठवाड्यातच वाढले असतील तर निजामाचा हाली सिक्का त्यांनी हाताळला असणार. सात रुपये हाली म्हणजे सहा रुपये कलदार (इंग्रजी रुपये), हा तेव्हाचा भाव. १०० कलदाराला हाली किती? उत्तर ११६ रुपये १० आणे ८ पै (१६ आण्यांचा रुपया, १२ पैंचा आणा). आपण कॅल्क्युलेटर काढेपर्यंत ते आण्यांवर आलेले असतात. मग सिक्का कधी बदलला, १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा दुकानदारांनी कसं लुटलं, असं बोलणं निघतं. ते निघू द्या. कोडं तिथंच राहिलं तरी चालतं, मला तर तेच हवं असतं.

शेतकरी घर असेल तर जमीन वाटा. अडीच एकर सतरा गुंठे, तिघं भाऊ, कुणाला किती? (४० गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकूण ११७, प्रत्येकाला ३९. एकराला एक गुंठा कमी, आणि त्या एका गुंठ्यावरून भांडण कसं लागतं ते आजोबा सांगतीलच.) जुन्या शाळेत शिकले असतील तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, विचारा. साडेतीन नवे किती? साडेएकतीस. पावकी-निमकी (पाव-अर्ध्याचे पाढे) ज्यांची पाठ होती त्यांना ती अजून ओठावर असते, कालचं जेवण विसरले तरी.

आमच्या आत्याचा किस्सा निराळा. ती शाळेत गेलीच नाही, तिच्या वयाच्या आपल्याकडच्या बहुतेक बायकांचं तेच. अंक वाचता येत नाहीत, पण तोंडी सगळं येतं. तिला थव्याचं कोडं घातलं. थवा एका एकट्या पाखराला म्हणतो: आम्ही जितके, तितकेच अजून, त्याच्या निम्मे, निम्म्याचे निम्मे, आणि तू मिळून शंभर. तिने चिंचोके मांडून ३६ काढले. तिच्याशी चल्लसआठ खेळावं. पाच बाय पाच घरं खडूने आखायची, चार कवड्या. चारही उताण्या तर चार, चारही पालथ्या तर आठ. सोंगटी कुठली हलवायची, कुठली मारायची, हा विचार सुडोकूपेक्षा कमी नाही, आणि वर समोर एक जिवंत माणूस असतं, ज्याला हरवता येतं. नातवंडांना मुद्दाम हरायला सांगू नका, त्यांना लगेच कळतं.

विचारायची पद्धत महत्त्वाची आहे. "सांगा बरं, आज वार कोणता?" असली परीक्षा घेऊ नका. चारचौघांत विचारलं आणि आठवलं नाही की म्हातारं माणूस चिडतं, मग दुसऱ्या दिवशी तोंड फिरवतं. "माझा हा हिशोब जमेना, जरा बघता का" असं म्हणा. सकाळी चहानंतर दहा-पंधरा मिनिटं पुरे, संध्याकाळी थकवा असतो. तेच कोडं आठवड्याने परत घातलं तरी हरकत नाही.

कोड्यांच्या आधी मात्र कान आणि डोळे तपासून घ्या. ऐकू न येणं हा डिमेन्शियाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींपैकी एक आहे. मोतीबिंदू झालेला माणूस "जमत नाही" म्हणतो तेव्हा त्याला दिसत नसतं, एवढंच असू शकतं. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, उदासपणा, झोपेच्या गोळ्या यांनीही डोकं जड होतं, आणि यातलं बरंच उपचारांनी सुधारतं. दोन-चार दिवसांत एकाएकी बरळायला लागले, दिवस-रात्र कळेना, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. लघवीचा संसर्ग किंवा अंगातलं सोडियम कमी होणं, अशी कारणं निघतात. आणि आयुष्यभर हिशोबात पक्का असलेला माणूस सुट्टे पैसे मोजताना चुकायला लागला, तर ती वयाची गंमत समजून सोडू नका.

आजोबांना कागद-पेन्सिल आवडतच असेल तर देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांचा ६१७४ करून पाहा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तराचं पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथं पोचतोच. जाड स्केचपेनने, वहीच्या एका पानावर एकच वजाबाकी लिहून द्या. अण्णा अजून अशी संख्या शोधतायत जी तिथं पोचणार नाही. तशी ती नाही हे मी त्यांना सांगितलंय, त्यांचा विश्वास नाही.