अवदसा 'आठवते' म्हणजे काय?

'काय अवदसा आठवली आणि त्याला हो म्हणून बसलो!' या वाक्यातली अवदसा कोण, आणि ती आठवते कशी, असा प्रश्न आहे.

फोड सरळ आहे: अव + दशा. अवगुण, अवलक्षण, अवकळा यांतला 'अव' तोच. प्राकृतात 'श'चा 'स' होतो, म्हणून दशाची दसा झाली. संस्कृतात दशा म्हणजे स्थिती, तसेच वस्त्राच्या काठाचे सुटे धागेही; आपली 'दशी' त्यातलीच. ज्योतिषात दशा हा ग्रहाच्या अमलाचा काळ. विंशोत्तरी पद्धतीत 120 वर्षं नऊ ग्रहांत वाटलेली असतात, रवीला 6 तर शनीला 19. तेव्हा अवदसा म्हणजे आधी नुसता वाईट काळ, पडती स्थिती.

मला खरी गंमत वाटते ती क्रियापदांची. दुर्दशा 'होते'. अवदसा मात्र घरात येते, शिरते. म्हणजे मराठीने या स्थितीची बाई केली, लक्ष्मीच्या उलट टोकाची. तिचंच दुसरं नाव अक्काबाई. पुराणकथेत समुद्रमंथनातून लक्ष्मीच्या आधी अलक्ष्मी निघाली, म्हणून ती ज्येष्ठा, थोरली बहीण. थोरली म्हणून अक्का. दारिद्र्य आलं की 'अक्काबाईचा फेरा आला' म्हणतात. जिची धास्ती, तिला मानाचं नाव द्यायचं, ही आपली जुनी रीत. अंगभर फोड आणणाऱ्या त्या भयंकर रोगालाही आपण 'देवी'च म्हटलं.

याच वळणावर अवदसा ही बाईला द्यायची शिवीही झाली. ती मला खटकते. करंटा, करंटी, करंटं अशी तिन्ही रूपं चालतात, पण अवदसा हा शब्द कुणी पुरुषाला लावत नाही.

आता 'आठवली'. इथे स्मरणाचा संबंध नाही. या प्रयोगात आठवणे म्हणजे सुचणे. 'दुर्बुद्धी सुचली' म्हणतो तसंच. 'विनाशकाले विपरीतबुद्धिः' यातही हीच कल्पना आहे: संकट यायच्या आधी बुद्धी फिरते. म्हणूनच छप्पर उडालं, पीक बुडालं, तर कुणी 'अवदसा आठवली' म्हणत नाही. तिथे नशीब फुटतं. अवदसा आठवायला आपला एखादा निर्णय चुकलेला असावा लागतो.