म्योडलारॉइट : ओढ्याच्या दोन काठांवरचे एक जर्मन शेतकरी गाव

जर्मनीतील एखाद्या लहान शेतकरी गावाचा इतिहास आणि भूगोल कोणी सविस्तर सांगेल का, असे आपण विचारले आहे. मी म्योडलारॉइट या गावाविषयी लिहितो. होफ येथे शिकत असताना हे गाव मला जवळून पाहता आले, आणि इतक्या लहान वस्तीचा भूगोल तिच्या इतिहासावर एवढा परिणाम करतो याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

गावाची लोकसंख्या पन्नासाच्या आसपास आहे. बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला होफ हे शहर आहे आणि त्याच्या उत्तरेला, थ्युरिंगिया राज्याच्या अगदी सीमेवर, फोग्टलांड नावाच्या उंचसखल पठारी प्रदेशात हे गाव वसलेले आहे. बर्लिन आणि म्युनिक यांना जोडणारा महामार्ग येथून फार दूर नाही. हिवाळा येथे लांबतो आणि बर्फ बराच काळ टिकते, त्यामुळे होफच्या परिसराला जर्मन लोक ‘बव्हेरियाचा सैबेरिया’ म्हणतात. मध्ययुगात जंगल तोडून वसवलेल्या या भागातील गावांमध्ये राय, बार्ली, बटाटा, गवताची कुरणे आणि दुभती जनावरे हाच शेतीचा आधार राहिला. बटाट्याविषयी येथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. याच परिसरातील पिल्ग्रामस्रॉइट या गावात 1647 मध्ये बटाट्याची शेतात लागवड झाल्याचे सांगितले जाते, आणि जर्मनीतील अशा सर्वांत जुन्या नोंदींमध्ये तिची गणना होते.

म्योडलारॉइटच्या मधून टानबाख नावाचा ओढा वाहतो. तो इतका अरुंद आहे की धडधाकट माणूस बहुतेक ठिकाणी तो उडी मारून ओलांडू शकेल. त्याचे पाणी पुढे एल्ब नदीच्या खोऱ्यात जाते. जुन्या काळी गावांच्या आणि संस्थानांच्या हद्दी ठरवताना असे ओढे सोयीचे पडत, आणि येथेही तेच घडले. 1810 मध्ये बायरॉइटचा प्रदेश बव्हेरियाच्या राज्याला मिळाला आणि ओढ्याच्या काठाने सीमेचे दगड रोवले गेले. त्यांच्या एका बाजूला बव्हेरियाच्या राज्याची आद्याक्षरे होती आणि दुसऱ्या बाजूला रॉइस या छोट्या संस्थानाची. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले आणि 1920 मध्ये रॉइसचा प्रदेश नव्या थ्युरिंगिया राज्यात विलीन झाला. सीमारेषा मात्र त्याच ओढ्यावर राहिली.

या सीमेचा गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्याला जवळजवळ काहीच अडथळा नव्हता, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण पुढचे सारे समजण्यासाठी ते महत्त्वाचे आहे. शाळा आणि खानावळ थ्युरिंगियाच्या काठावर होती, आणि दोन्ही काठांची मुले त्याच शाळेत जात. रविवारच्या प्रार्थनेसाठी सारे गाव बव्हेरियातील ट्योपेनच्या चर्चमध्ये जाई. सोयरिकी ओढ्यापलीकडे होत आणि एकाच कुटुंबाची शेते दोन्ही राज्यांत असत. कर कोणत्या कचेरीत भरायचा, एवढाच काय तो फरक होता.

1945 मध्ये जर्मनीचे विभाजन करताना दोस्त राष्ट्रांनी अशा जुन्या प्रांतिक सीमाच प्रमाण मानल्या. थ्युरिंगिया सोव्हिएत विभागात गेला, बव्हेरिया अमेरिकन विभागात राहिला, आणि गुडघाभरही खोल नसलेला टानबाख दोन महासत्तांमधील सीमा झाला. 1949 मध्ये दोन जर्मन राष्ट्रे स्थापन झाल्यावर गावाचा एक काठ पश्चिम जर्मनीत आणि दुसरा पूर्व जर्मनीत गेला. सुरुवातीची काही वर्षे परवाना दाखवून ये-जा करता येत असे. मे 1952 मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने संपूर्ण सीमेवर तीन पट्टे आखले : सीमेलगत 10 मीटरचा नांगरलेला मोकळा पट्टा, त्यामागे 500 मीटरचा संरक्षक पट्टा आणि त्यामागे 5 किलोमीटरचा प्रतिबंधित प्रदेश. म्योडलारॉइटचा पूर्वेकडील भाग या 500 मीटरच्या आतच होता. ‘अविश्वसनीय’ ठरवलेल्या कुटुंबांना त्या उन्हाळ्यात सीमाप्रदेशातून सक्तीने हलवण्यात आले. गावात प्रथम लाकडी फळ्यांचे कुंपण आले, पुढे काटेरी तारा आल्या, आणि 1966 मध्ये सुमारे 700 मीटर लांब आणि 3.3 मीटर उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन सैनिक या गावाला ‘लिटल बर्लिन’ म्हणू लागले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने या काळाकडे पाहणे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण भिंतीच्या छायाचित्रांत ही बाजू दिसत नाही. पूर्वेकडे 1952 पासून खासगी शेते सामूहिक शेती संस्थांमध्ये सामील करून घेण्यास सुरुवात झाली आणि 1960 पर्यंत ती प्रक्रिया जवळजवळ पूर्ण झाली. बांध गेले, लहान पट्ट्यांची मोठी सलग शेते झाली, आणि सीमेलगतच्या रानात कामाला जाण्यासाठी परवाना लागू लागला. तेथे राहणाऱ्यांच्या नातेवाइकांनाही परवानगीशिवाय घरी येता येत नसे. पश्चिमेकडील शेतकरी आपल्या मालकीची शेते पूर्वीप्रमाणेच कसत राहिला. फक्त ओढ्याच्या काठाशी त्याला थांबावे लागे, कारण भिंत ओढ्याच्या पलीकडे काही अंतरावर असली तरी खरी सीमा ओढाच होता. पश्चिमेकडून कोणी हात हलवला, तरी पूर्वेकडील माणसाला त्याला प्रतिसाद देण्याची मनाई होती. आपल्याच चुलत्याच्या घराकडे पाहूनही न पाहिल्यासारखे करावे लागणे, ही शिक्षा किती मोठी असेल याची कल्पना करणे मला आजही कठीण जाते. भिंत उभी असेपर्यंत ती ओलांडून पळून जाण्यात केवळ एकच माणूस यशस्वी झाला, 1973 मध्ये, शिडीच्या साहाय्याने.

1983 मध्ये अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष जॉर्ज बुश यांनी गावाच्या पश्चिम भागाला भेट दिली, तेव्हा त्याचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले.

बर्लिनची भिंत 9 नोव्हेंबर 1989 रोजी उघडली, पण म्योडलारॉइटला आणखी एक महिना वाट पाहावी लागली. गावकऱ्यांच्या मागणीनंतर 9 डिसेंबरला पायी जाण्यापुरता रस्ता मोकळा झाला. योगायोग असा की त्याच दिवशी होफ येथे दोन्ही जर्मनींतील सुमारे चारशे पर्यावरणप्रेमी जमले होते. चाळीस वर्षे माणसाचा वावर नसल्यामुळे सीमापट्ट्यात टिकून राहिलेली झाडे, पक्षी आणि पाणथळ जागा सलग जपाव्यात, असा ठराव त्यांनी केला. जवळजवळ 1,400 किलोमीटरचा ‘हरित पट्टा’ त्यातूनच आकाराला आला. 17 जून 1990 रोजी यंत्राने गावातील भिंत पाडण्यात आली. पूर्व जर्मनीतील कामगारांच्या 1953 च्या उठावाचा स्मृतिदिनही हाच होता. भिंतीचा सुमारे 100 मीटरचा भाग, टेहळणी मनोरा आणि कुंपण तसेच ठेवून तेथे दोन्ही जर्मनींच्या इतिहासाचे संग्रहालय उभारण्यात आले.

जर्मनी 1990 मध्ये एक झाली, तरी गाव प्रशासनाच्या दृष्टीने आजही दोन आहे. बव्हेरियाचा भाग ट्योपेन ग्रामपंचायतीत येतो आणि थ्युरिंगियाचा भाग गेफेल नगरपालिकेत. पिनकोड, दूरध्वनीचा विभागीय क्रमांक आणि गाड्यांच्या पाट्या वेगवेगळ्या आहेत. 6 जानेवारीला बव्हेरियाच्या काठावर सुट्टी असते आणि पलीकडे कामाचा दिवस. 31 ऑक्टोबरला याच्या नेमके उलट घडते. उत्सव मात्र दोन्ही काठ मिळून साजरे करतात.

आपल्या प्रश्नात भूगोलाचाही उल्लेख असल्यामुळे एक सुचवतो. या परिसराचा उपग्रह नकाशा उघडून टानबाखच्या दोन्ही बाजूंच्या शेतांची तुलना करावी. पूर्वेकडील सामूहिक संस्था 1990 नंतर विसर्जित झाल्या, परंतु त्यांच्या जागी आलेल्या सहकारी संस्था आणि कंपन्यांनी ती सलग जमीन बहुतांशी एकत्रच कसली, आणि त्यामुळे थ्युरिंगियातील सरासरी शेती आजही बव्हेरियातील शेतीपेक्षा कितीतरी पटींनी मोठी आहे.