पहिली मोटारसायकल आणि कोकणची वाट: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी कोथरूडला राहतो आणि नोकरीसाठी रोज हिंजवडीला जातो. मित्रमंडळी महिन्यातून एकदा दिवेआगर किंवा हरिहरेश्वरला जातात. आजवर फक्त स्कूटर चालवली आहे. मला ३५० सीसीची गाडी हवी आहे, घरचे १२५ सीसीची घे म्हणतात. कोणाचे ऐकावे?

उत्तर: समुद्रावर तुम्ही महिन्यातून एकदा जाणार आणि हिंजवडीला वीस-बावीस वेळा, त्यामुळे गाडी निवडताना आधी त्या वीस-बावीस दिवसांचा विचार करावा, असे मी तुम्हाला मनापासून सांगेन. क्लासिक ३५०चे वजन १९५ किलो आहे, स्प्लेंडर प्लसचे ११२ किलो. रस्त्यावर वेग घेतल्यानंतर हा फरक फारसा जाणवत नाही. तो जाणवतो संध्याकाळच्या कोंडीत, जिथे दर दहा फुटांवर क्लच दाबावा लागतो आणि पाय टेकावे लागतात, आणि सोसायटीच्या उतरत्या पार्किंगमधून गाडी मागे ओढून काढताना. म्हणून शोरूममध्ये केवळ टेस्ट राइडवर समाधान मानू नका. इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावले मागे ढकलून पाहा, मेन स्टँडवर स्वतः चढवून पाहा, आणि सीटवर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पुरेसे टेकतात का, हे रोजचेच बूट घालून तपासा.

तरीही मी १२५वर थांबा असे म्हणणार नाही. माझा कल १५० ते १६० सीसीच्या गाडीकडे आहे, आणि त्याचे मुख्य कारण ताकद नसून ब्रेक हे आहे. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचे आहे. ताम्हिणीच्या उतारावर ओला पाला पडलेला असताना नवशिक्याचा हात घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबतो, आणि त्या क्षणी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा हाताशी असणे मला फार मोलाचे वाटते. वर्षभर हात बसल्यानंतर ३५०ची ओढ तशीच राहिली, तर ती जरूर घ्या.

किमतीबाबत एकच सांगतो: नेहमी ऑन-रोड किंमत विचारा आणि विम्याचा कागद वाचून घ्या. नव्या दुचाकीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो. मात्र स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा बहुधा एकाच वर्षाचा असतो. पाच वर्षांचा विमा आहे, असे समजून अनेक जण दुसऱ्या वर्षी तो भरतच नाहीत.

प्रश्न: माझ्या मुलाने गेल्या आठवड्यात नवी मोटारसायकल घेतली आहे. त्याच्याकडे लर्निंग लायसन्स आहे. येत्या शनिवारी मित्राला मागे बसवून तो दिवेआगरला जाणार म्हणतो. अडवावे का? (एक आई, बिबवेवाडी)

उत्तर: ताई, या शनिवारी अवश्य अडवा. लर्निंग लायसन्सवर मोटारसायकल चालवताना शिकवणाऱ्या परवानाधारकाखेरीज कोणालाही मागे बसवता येत नाही. पक्क्या परवान्याची परीक्षा लर्निंग मिळाल्यापासून तीस दिवसांनंतर देता येते. म्हणजे प्रश्न साधारण महिन्याभराचाच आहे, आणि हे त्याला नीट समजावून सांगितले तर तो ऐकेल असे वाटते.

पुण्याहून ताम्हिणी, माणगावमार्गे दिवेआगर एका बाजूने सुमारे १६० किलोमीटर आहे. नव्या इंजिनाला पहिले काही शे किलोमीटर ताण देऊ नये असे कंपनीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि डबलसीट घाट चढणे हा ताणच आहे. दरम्यानच्या काळात त्याने रविवारी पहाटे एकट्याने मुळशीपर्यंत जाऊन यावे. घाट उतरताना ज्या गिअरमध्ये तो चढला असता त्याच गिअरमध्ये उतरायचे, पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रल करायचे नाही, एवढी सवय लागली की पुढचा रस्ता त्याला जड जाणार नाही.

प्रश्न: जुनी गाडी घ्यायची आहे. काय पाहावे?

उत्तर: मालकाला सांगा की मी येण्यापूर्वी गाडी सुरू करू नका, आणि पोहोचताच इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागले, तर गाडी थंड असताना सुरू होत नसावी, अशी शंका घ्यावी. मेन स्टँडवर पुढचे चाक उचलून हँडल डावीकडून उजवीकडे फिरवा. मध्यावर अडकल्यासारखे झाले तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरते ते बेअरिंग, गेला आहे. गाडी किनाऱ्यालगत वापरलेली असेल, तर टाकीची खालची कड, स्पोक आणि सायलेन्सरचा सांधा यांवरचा गंज पाहा. चासी क्रमांक आरसीशी जुळवा आणि गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ व ३०वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न: ओहोटीच्या वेळी पुळणीवर गाडी नेली तर चालते का? परतल्यावर काय काळजी घ्यावी?

उत्तर: नेऊ नये. ओली वाळू टणक दिसते, पण गाडी थांबताच चाक रुतू लागते, आणि भरती कोणासाठी थांबत नाही. पाण्यात गेलेल्या गाडीसाठी थर्ड पार्टी विम्यातून एक रुपयाही मिळत नाही. कोकणातली माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पूर्ण भरती दुपारी आणि पहाटे पावणेचारच्या सुमारास, आणि ओहोटी साधारण सहा तासांनी. हा ढोबळ अंदाज आहे. हरिहरेश्वरच्या खडकांतल्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायी उतरायचे असेल, तर स्थानिकांना विचारल्याखेरीज जाऊ नका. गाडी किनाऱ्याबाहेर पक्क्या जमिनीवर लावा, आणि जमीन भुसभुशीत असेल तर साइड स्टँडखाली चपटा दगड ठेवा.

परतल्यावर धुणे दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. समुद्रावरून आल्यानंतर चार दिवस तशीच उभी ठेवलेली एक गाडी माझ्या हाताखाली आली होती. तिच्या चेनच्या कड्यांमध्ये तांबूस भुकटी साठली होती आणि दोन कड्या इतक्या आखडल्या होत्या की स्प्रॉकेटवरून, म्हणजे चेनच्या दातेरी चाकावरून, जाताना त्या वाकतच नव्हत्या. चाक हाताने फिरवले की दर फेऱ्याला टक असा आवाज येई. त्या मालकाला चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट बदलावी लागली. इंजिन निवल्यावर साध्या पाण्याने, जोराची धार न मारता, चाके, चेन आणि मडगार्डची आतली बाजू धुवावी. मग चेन कापडाने कोरडी करून तिला वंगण द्यावे आणि थोडे अंतर चालवून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबून सुकवावेत. सगळ्याला अर्धा तास लागतो.